काफे मारों: छाटकलमापासून बीपर्यंत

मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे 600 किलोमीटरवर असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर काफे मारों हे झुडूप उगवते. जगात दुसरीकडे ते नैसर्गिकरीत्या आढळत नाही. कॉफी, अनंत आणि कदंब यांच्याच कुळातले हे झुडूप. त्याची फुले पांढरी, पाच पाकळ्यांची. कोवळ्या रोपाची पाने लांब, अरुंद आणि काळपट तपकिरी असतात, मधोमध गुलाबी शीर. झाड मोठे झाले की तीच पाने रुंद, हिरवी आणि चकचकीत होतात. बेटावर पूर्वी महाकाय कासवांचे कळप चरत. त्यांच्या नजरेतून कोवळे रोप सुटावे म्हणून हे रूप असावे, असे मानले जाते.

1874 मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी ब्रिटिश मोहीम बेटावर आली. तिच्याबरोबर आलेल्या आयझॅक बेली बाल्फोर या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे हे झुडूप शास्त्राला माहीत झाले. तोवर कासवे संपली होती. जंगलतोड आणि शेळ्यांची चराई चालूच राहिली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काफे मारोंही नष्ट झाले असे धरले गेले.

1980च्या सुमारास एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना बेटावरच्या दुर्मीळ झाडांचा शोध घ्यायला सांगितले. एका मुलाने आणलेली फांदी काफे मारोंचीच निघाली. अख्ख्या बेटावर ते एकच झाड उरले होते. गावठी औषधात त्याला मान असल्याने बातमी पसरताच लोक पाने आणि फांद्या तोडून नेऊ लागले. शेवटी झाडाभोवती कुंपण घालावे लागले.

1986 मध्ये त्याच्या छाटकलमा लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोहोचल्या आणि त्यांतून रोप जगले. पण छाटकलम म्हणजे त्याच झाडाची प्रत. अशा कितीही प्रती केल्या तरी रोगकिडीपुढे त्या सगळ्या सारख्याच दुबळ्या ठरतात. खरी गरज बियांची होती. क्यूमधली झाडे भरभरून फुलत, फळ मात्र धरत नसे.

ही अडचण कार्लोस माग्दालेना या उद्यानतज्ज्ञाने 2003 मध्ये सोडवली. त्याने झाडांना अधिक उष्णता दिली आणि परागण हाताने केले. परागकण कुक्षीवर रुजत नसल्याने त्याने कुक्षीचे टोक कापले आणि परागकण थेट त्या कापावर ठेवले. खूप प्रयत्नांनंतर फळ धरले, त्यात बी भरले आणि बियांपासून रोपे उगवली. ही रोपे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल नव्हती. पुढच्या परागणासाठी हा फरक मोलाचा ठरला, कारण त्यांच्यापासून पुन्हा बी मिळू लागले.

पुढे बिया रॉड्रिग्जला परत पाठवण्यात आल्या आणि तिथे रोपे वाढवण्याचे काम सुरू झाले. तरीही आंतरराष्ट्रीय लाल यादीत हे झुडूप आजही अतिसंकटग्रस्त गटात आहे.