डॅशबोर्डवरचं बटण आणि डेट्रॉईटचा डॉक्टर

परवा गाडीच्या गिअरभोवतीची चंदेरी पट्टी तुटली. बोटभर रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा तो. तिच्यावाचून गाडीचं काहीच अडत नाही, पण दर सिग्नलला नजर तिथेच जाते. म्हणून शनिवारी अॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, एक पट्टी कशाला? स्टीलचा अख्खा सेट घ्या. स्टिअरिंगच्या मधोमध लावायला खड्यांची चकतीपण आहे, वहिनींना आवडेल." मी नेहमीप्रमाणे 'विचार करून सांगतो' म्हणून बाहेर पडलो. घरी येऊन या शोभेच्या तुकड्यांबद्दल वाचत बसलो आणि अख्खा रविवार त्यात गेला.

तर मंडळी, सुरुवात घोडागाडीपासून. 'डॅशबोर्ड' म्हणजे मुळात घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी. मोटार आली, घोडा गेला, पण फळी राहिली. मग त्या फळीवर एकेक गोष्ट चढत गेली. वेगाचा काटा, बटणं, खुंट्या, घड्याळ, आणि या सगळ्यांना शोभा म्हणून धातूच्या चकचकीत कडा. बटण जितकं बाहेर आलेलं तितकं पकडायला सोपं, आणि दिसायलाही भारदस्त. यात काही वावगं आहे असं कोणाला वाटायचं कारणच नव्हतं.

ज्याला वाटलं तो इंजिनिअर नव्हता. १९३० च्या दशकात डेट्रॉईटमध्ये क्लेअर स्ट्रेथ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. डेट्रॉईट म्हणजे अमेरिकेच्या मोटार धंद्याची राजधानी. गाड्या तिथेच बनायच्या, तिथेच आदळायच्या आणि त्यातले फाटलेले चेहरे शिवायला या डॉक्टरांच्या टेबलावर यायचे. त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यात भयंकर जखमा गाडी चालवणाऱ्याला होत नाहीत, त्याच्या शेजारी बसणाऱ्याला होतात. ड्रायव्हरच्या हातात निदान स्टिअरिंग असतं. शेजारचा माणूस मात्र सीटबेल्ट नसलेल्या त्या काळात सरळ तोंडावर डॅशबोर्डवर जायचा. तिथे त्याचं स्वागत करायला लोखंडी पत्रा, बटणं आणि खुंट्या सज्ज असायच्या. या जखमांना डॉक्टरांनी नावच दिलं होतं, पाहुण्या प्रवाशाच्या जखमा. म्हणजे आपण ज्याला आग्रहाने 'पुढे बस' म्हणतो, तोच तो पाहुणा.

स्ट्रेथ नुसते टाके घालत बसले नाहीत. त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं आणि मोटार कंपन्यांच्या मागे लागले. डॅशबोर्डला गादी लावा, बटणं आत घ्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. क्रायसलर कंपनीने ऐकलं. १९३७ च्या डॉज गाड्यांमध्ये बटणं डॅशबोर्डच्या पातळीत आत गेली, दाराच्या मुठींची टोकं आतल्या बाजूला वळवली गेली आणि पुढच्या सीटच्या पाठीच्या वरच्या कडेला गादी आली. बदल किती साधे बघा. यासाठी नवं यंत्र लागलं नाही की नवा शोध लागला नाही. फक्त एका तुकड्याच्या जागी दुसरा तुकडा आला.

आता एवढं झाल्यावर बाकीच्यांनी पटापट कित्ता गिरवला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! १९४८ च्या टकर गाडीला गादीचा डॅशबोर्ड होता, पण तशा जेमतेम ५१ गाड्या बनल्या आणि कंपनी बुडाली. फोर्डने १९५६ साली सुरक्षेचं एक पॅकेज आणलं, पण त्यात डॅशबोर्डची गादी जादा पैसे मोजणाऱ्यालाच मिळायची. १९५९ साली मर्सिडीजने आतून मऊ केलेली गाडी आणली खरी, पण ती पडली श्रीमंतांची. एकूण धंद्याचा ओढा उलट दिशेला होता. ते दशकच क्रोमचं होतं. गाडी जितकी चमकेल तितकी खपेल हा त्या वेळचा हिशोब.

तो हिशोब मोडला एका तरुण वकिलाने. राल्फ नेडरचं 'अनसेफ अॅट एनी स्पीड' हे पुस्तक १९६५ साली आलं. त्यातला एक मुद्दा आपल्या विषयाचा आहे, तो म्हणजे दुसरी टक्कर. पहिली टक्कर गाडीची झाडाशी होते. दुसरी, क्षणभराने, माणसाची गाडीच्या आतल्या भागाशी होते. पहिली टाळणं बऱ्याच अंशी चालवणाऱ्याच्या हातात असतं. पण दुसऱ्या टकरीत माणूस कशावर आपटणार हे गाडी बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. जनरल मोटर्सने नेडरच्या मागे गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं, आणि १९६६ साली कंपनीच्या अध्यक्षांना सिनेट समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला.

१ जानेवारी १९६८ पासून त्या कायद्याखालचे नियम लागू झाले. डॅशबोर्डवर डोकं आपटलं तर काय व्हावं याचा नियम आला. ड्रायव्हरच्या नजरेसमोरच्या धातूच्या तुकड्यांनी किती चमकावं याचाही आला, कारण चमक डोळ्यांवर येते. युरोपातल्या नियमांत तर डोकं लागू शकेल अशा जागेतली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी असं मोजून लिहिलेलं आहे. आपल्याकडेही गाडीच्या आतल्या वस्तूंसाठी मानक आहे. आणि गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आपण पुणेकर सकाळी चालायला जातो त्या टेकडीवरच आहे!

म्हणजे माझी ती क्षुल्लक पट्टी अडीच मिलिमीटरचा इतिहास घेऊन आली होती. ती प्लास्टिकची का, तिची कड बोथट का, ती चकाकण्याऐवजी मंद का, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरामागे कोणाचा तरी शिवलेला चेहरा आहे. आणि मी ती बदलून धारदार कडेचा स्टीलचा सेट लावायला निघालो होतो.

त्यात आता एअरबॅग आली. भारतात नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आणि शेजारच्याची २०२२ च्या सुरुवातीपासून. ती पापणी लवायच्या आत फुगते. स्टिअरिंगच्या मधलं ते झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटेल असं बनवलेलं असतं. त्यावर खड्यांची चकती चिकटवली तर ती गोळीसारखी तोंडावर येणार. हे मी मनचं सांगत नाहीये. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २०२३ साली नेमका हाच इशारा दिला, कारण अशा चकतीमुळे एका चालकाचा डोळा गेला होता.

खिडकीच्या खांबांवरच्या पट्ट्यांचंही तेच. ज्या खांबावर 'एअरबॅग' असं लिहिलंय तिथलं आवरण स्वतः उचकटू नका. त्याच्या क्लिपा बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात, आणि आत पडद्यासारखी एअरबॅग असते.

हे सगळं वाचून होईपर्यंत रात्र झाली. खाली जाऊन गाडीचं दार उघडलं आणि नजर पडली बाप्पावर. गाडी घेतली तेव्हा आईने हौसेने आणलेला पितळी गणपती. मीच तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पक्का बसवला होता, बरोब्बर शेजारच्या एअरबॅगच्या झाकणावर. आणि त्या सीटवर बसतं कोण? दर रविवारी देवळात जाताना, आईच.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं वाद होईल. ती म्हणाली, "अरे, मग आधी नाही का सांगायचं? देव्हाऱ्यात ठेव त्याला." आता गणपती घरी आहे आणि गाडीत कागदाचं छोटं चित्र, तेही गिअरपुढच्या खणात.

पट्टी सर्व्हिस सेंटरमधून मागवली आहे. कंपनीचीच, प्लास्टिकची, मंद चंदेरी. दुकानदाराला अजून विचार करून सांगायचंच आहे.