आमच्या बायका शेतात जात नाहीत

आमच्यासारख्या घरांना इकडं परदेशी म्हणतात. कुणाचं आडनावच परदेशी. तीनशे वर्षं इथल्या मातीत काढली तरी ते नाव काही पुसलं नाही. गंगापूर, वैजापूर, कन्नड या तालुक्यांत आणि औट्रम घाट उतरून खाली चाळीसगाव-पाचोऱ्याकडं आमची घरं विखुरलेली आहेत. लग्नकार्याला सगळे जमले, की जेवणं झाल्यावर म्हातारी माणसं इतिहास काढून बसतात, आणि तो इतिहास कुठूनही सुरू झाला तरी बादशहाच्या फौजेवर येऊन थांबतो.

त्यात खोटं सगळंच नाही. मलिक अंबरानं १६१० साली खडकी वसवली, औरंगजेबानं तिला आपलं नाव दिलं, आता ते छत्रपती संभाजीनगर झालं. या शहराचे पुरे बघा. करणपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा. ही नावं मराठी नाहीत. बिकानेरचे राजे करणसिंह इथं राहिले आणि १६६९ साली इथंच वारले. त्यांच्या नावाच्या करणपुऱ्यात आजही नवरात्रात देवीची मोठी यात्रा भरते. पुढं १६८२ मध्ये बादशहा स्वतः येऊन उतरला आणि १७०७ साली अहमदनगरजवळ मरेपर्यंत दख्खन सोडून गेला नाही. पंचवीस वर्षं फौज परक्या मुलखात राहिली, तर तिच्यातली किती माणसं परत जातील?

फक्त एक गोष्ट मला पटत नाही. आमच्यात ज्याचा त्याचा मूळ पुरुष सरदारच असतो. सगळेच सरदार होते तर घोड्यांना गवत कोण कापत होतं? माझा हिशेब साधा आहे. सरदार परत गेले. मागं राहिले ते शिपाई, बारगीर, गाडीवान, पखाली वाहणारे. जमीन मिळाली तिथं त्यांनी नांगर धरला आणि कुणबी-माळ्यांच्या शेजारी शेतकरी होऊन गेले. तरवार गंजून गेली, पण तोंडातलं एक वाक्य गंजलं नाही. ते म्हणजे, आमच्या बायका शेतात जात नाहीत.

ते वाक्य लहानपणापासून ऐकत आलो. आणि त्याच वेळी माझी आजी शेतात असायची.

आजीला आम्ही सगळे जिजी म्हणायचो. तिचं माहेर चाळीसगावकडचं. १९१८ सालच्या मानमोडीच्या तापात तिची आई गेली, तेव्हा ती तीन-चार वर्षांची असेल. बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न झालं. माहेर इंग्रजी मुलखात, सासर निजामाच्या. मनमाडहून सिकंदराबादेकडं जाणारी छोटी लाईन १९०० च्या सुमाराला झाली होती. तिच्यावर लासूर स्टेशन होतं, म्हणून वऱ्हाड रेल्वेनं आलं. मनमाडला गाडी बदलली. नगरसूल गेलं की पुढं निजामाची हद्द. तिथं करोडगिरीवाल्यांनी, म्हणजे निजामाच्या जकातवाल्यांनी, तिची पत्र्याची पेटी उघडून नवरीच्या साड्या वरखाली केल्या. ते तिला मरेपर्यंत ध्यानात होतं. बापानं जाताना हातावर ठेवलेले रुपये कलदार होते. इकडं हाली सिक्का चालायचा, सहा कलदारचे सात हाली. सासूनं ते सगळे कलदार पहिल्याच आठवड्यात मागून घेतले.

मला कधी कधी वाटतं, आमच्या घरातले पुरुष परदेशी झाले ते एकदाच, तीनशे वर्षांपूर्वी. बायका मात्र प्रत्येक पिढीत नव्यानं परदेशी होऊन येत होत्या. जवळपासच्या गावात आपल्यातलं स्थळ मिळायचं नाही, म्हणून मुली लांब लांब दिल्या जायच्या. आमच्या घरात हिंदी-मराठी मिसळलेली बोली चालायची. बाहेर मराठी, आणि निजामाच्या कचेरीत उर्दू. जिजीला लिहिता येत नव्हतं, पण बोलायला पहिल्या दोन्ही यायच्या आणि तिसरीतल्या शिव्या यायच्या. लग्नातली बन्ना-बन्नीची गाणी, गोवऱ्यांच्या आरावर भाजायच्या बाट्या, चुरमा, हे सगळं बायकांनी राखलं म्हणून राहिलं. पुरुषांनी राखलं ते फक्त सरदारकीचं बोलणं.

आमची जमीन अकरा एकर, जवळजवळ सगळी कोरडवाहू. एक विहीर, तिच्यावर मोट. सालगडी ठेवायची ऐपत नव्हती. मग शेत कोण करणार? आजोबा आणि जिजी. पण घरात गोषा होता, म्हणून त्याचीही एक रीत बसली होती. तांबडं फुटायच्या आत शेतात पोचायचं आणि दिवेलागणीनंतर घरी यायचं, म्हणजे कुणी पाहिलं असं व्हायला नको. वाटेनं घुंगट, वावरात पदर कमरेला. त्याआधी जात्यावर दळण, शेणघाण, पाणी. ती झोपायची कधी, हे मला कुणी सांगितलं नाही.

तिची खरी कसब पेरणीत. तिफणीमागं चाड्यावर मूठ धरायची म्हणजे बी तिन्ही नळ्यांत सारखं गेलं पाहिजे. बैलाची चाल वाढली तर मूठ मोकळी करायची, चाल मंदावली तर आवळायची. मूठ चुकली तर एका तासात दाट उगवतं, दुसऱ्यात टक्कल पडतं, आणि ते चार महिने सगळ्या गावाला दिसतं. जिजीच्या मुठीचं पीक आखल्यासारखं यायचं. दुसऱ्याच्या पेरणीला तिला पाठवणं घरच्यांना चालण्यासारखं नव्हतं, म्हणून माळ्यांच्या बायका आमच्या बांधावर येऊन तिचा हात बघून जायच्या. बियाणंही तीच निवडायची. बाजरीची भरदार कणसं सोंगणीआधीच उभ्या पिकात हेरून वेगळी काढायची, मूग-हुलगे राखेत घोळून मडक्यात भरायची. ज्वारी पेवात. पेव उघडल्यावर आत लगेच उतरायचं नाही, आधी दिवा सोडायचा, विझला तर थांबायचं, हे मी तिच्याकडून शिकलो.

१९४८ च्या आषाढात रझाकारांच्या धाकानं हद्दीजवळच्या पुष्कळ घरांनी पोरंबाळं पलीकडं हलवली. जिजीही दोन लेकरं घेऊन बैलगाडीतून घाट उतरून माहेरी गेली. निघाली ती बाजरीची पहिली खुरपणी उरकूनच. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि ती परत आली, तेव्हा बाजरी उभी होती. शेजारच्या मुसलमान घरानं राखली होती. त्या घराशी आमचं भाजी-भाकरीचं देणंघेणं अजून चालू आहे.

१९५३ मध्ये आजोबा तापानं गेले. थोरला मुलगा, म्हणजे माझे वडील, अकरा वर्षांचे. हिंदू वारसा कायदा यायला अजून तीन वर्षं होती. जमिनीच्या कागदावर दोन अज्ञान मुलांची नावं लागली आणि पुढं 'अ.पा.क. आई'. अज्ञान पालन कर्ता. ही तीन अक्षरं मी जुन्या कागदावर पाहिली आहेत. मुलं सज्ञान झाली तशी तीही गेली. तोवर तिनं कर्ज फेडलं होतं, विहीर दोन परस खोल नेली होती, आणि ओढ्याकाठचा दगडगोट्यांचा एक एकर दर उन्हाळ्यात थोडा थोडा वेचून लागवडीला आणला होता. त्याच वर्षांत भावकीतल्या बैठकीला ती दाराआड बसायची, आणि बाहेर पुरुषांत तेच वाक्य चालायचं.

त्या वाक्याचं मला नुसतं हसू येत नाही. बाई शेतात जातच नाही असं एकदा ठरलं, की शेतात तिचा वाटा कसला? आमची शान आणि तिचा हक्क असा एकमेकांत अडकलेला होता. एक जपायची तर दुसरा नाकारावाच लागत होता.

१९७२ ला पाऊस गेला. मी पाचवीत होतो. पेव रिकामं, बैल विकलेले. रेशनला मिलो नावाची लाल ज्वारी, तिची भाकरी थापायला गेलं की फुटायची. दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला आई निघाली, तिच्याबरोबर जिजी निघाली, साठीला टेकलेली. भावकीतले दोघंतिघं दारात आले. खानदानाचं नाक वगैरे बोलले. जिजी म्हणाली, "बाश्शा येनार हाय का खडी फोडाया? त्याला सांगा, मी घरी बसते." आणि हातोडी घेऊन गेली. महिनाभरात त्या तिघांपैकी दोघांच्या बायका शेजारीच खडी फोडत होत्या. दुपारी सुकडी वाटायचे. जिजी आपली अर्धी पदरात बांधून आम्हाला आणायची. वाटेनंही आता घुंगट राहिला नव्हता. आमच्या गावातला गोषा कुठल्या सुधारकानं मोडला नाही, बहात्तरच्या खडीनं मोडला.

शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला भरलं. आमच्या भागातून बायका गेल्या, पण आमच्या घरातून कुणी गेलं नाही. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला काही हिस्सा राजीखुशीनं बायकोच्या नावावर करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव त्यात गाजलं. मी वडिलांच्या मागं लागलो. १९९१ मध्ये त्यांनी दोन एकर आईच्या नावावर केले. सातबारा आणून मी ओसरीवर वाचून दाखवला. जिजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वढ्याकाठचं हाय का त्याच्यात?" आहे म्हणालो. "मंग ठीक," म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

१९९८ मध्ये ती गेली. तेराव्याला एक शहरातले पाहुणे बोलायला उभे राहिले. आपल्या घराण्याच्या मर्यादेबद्दल बोलले आणि म्हणाले, या माउलीनं उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवलं नाही. मागं जिजीच्या बरोबरच्या मजूर बायका बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आँ? मंग आमच्या संगं पात धरून कोन चालत व्हतं?" बायका हसल्या. पाहुणे पुढं बोलत राहिले.

आता दिवस उलटे फिरलेत. लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा-कापूस घेऊन येणारी चांगली कमावती पोरं पस्तिशीला आली तरी बिनलग्नाची आहेत, आणि हे आमच्यातच नाही, सगळ्याच जातींत. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, शेतात जावं लागेल का? म्हणून पोराच्या माहितीपत्रकात शेतीच्या एकरांखाली ओळ घालतात, मुलीला शेतात काम नाही. जुनंच वाक्य आहे, फक्त टाईप करून. माझी सून चांगली शिकलेली आहे आणि ठिबकचं सगळं तीच बघते, तरी पुतण्याच्या कागदावर ती ओळ घालायचं चाललं होतं. मी ती काढायला लावली. त्याऐवजी लिहिलं, शेत दोघांच्या नावावर राहील. गेल्या सहा महिन्यांत दोन स्थळं येऊन गेली. एकानं ती ओळ वाचून तीनदा विचारलं, हे खरं का. बोलणी चालू आहेत.