बुटाचा नंबर आणि पायाचं म्हणणं

परवा पहाटे साडेपाचला बायपासवर चालायला गेलो होतो. डॉक्टरांनी शुगरचा आकडा दाखवल्यापासून हा नेम आहे. आमच्या गल्लीतलं एक पोरगं पुलाच्या कठड्यावर बूट काढून बसलं होतं. दोन वर्षं झाली, पोलीस भरतीची तयारी करतंय. १६०० मीटर म्हणजे वीस मार्क, आणि त्या वीस मार्कांवर या पोरांचं अख्खं घर डोळे लावून बसलेलं असतं.

मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. करंगळीला फोड. शेजारी नवेकोरे बूट.

"कितीला घेतले रे?"

"साडेसहा हजार, काका. आईनं बचत गटातून उचलले."

"मग लागतायत कसे?"

"दुकानदार म्हणला, वापरून सैल होतील. नंबर आठच आहे माझा."

मी त्याला बुटातली गादी बाहेर काढायला लावली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर उभं राहायला सांगितलं. करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही गादीच्या बाहेर. नंबर बरोबर होता, बूट चुकीचा होता. हे कसं काय, म्हणून आठवडाभर वाचत बसलो. वाचता वाचता पार शंभर-दीडशे वर्षं मागं गेलो. तेच इथं मांडतोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात पळणारं पोरगं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी नंबर म्हणजे काय ते बघू. आपल्या दुकानात जो सात, आठ, नऊ चालतो तो इंग्रजांचा नंबर. त्याचं मूळ माप आहे जवाचा दाणा. तीन दाणे म्हणजे एक इंच. म्हणून आठ नंबरच्या आणि नऊ नंबरच्या बुटात फरक असतो एका दाण्याचा, साधारण साडेआठ मिलिमीटर. हसू नका, आपल्याकडंही जुन्या मापात आठ यव म्हणजे एक अंगुळ धरायचे. मुद्दा वेगळा आहे. हा दाणा फक्त लांबी मोजतो. पाय रुंद आहे का, चवडा पसरट आहे का, हे त्या आकड्यात कुठंच नाही.

अमेरिकेत सिरॅक्यूस गावच्या एका चप्पल-बुटाच्या दुकानदाराच्या पोराला, चार्ल्स ब्रॅनॉकला, हीच गोष्ट खटकली. त्यानं १९२७ च्या सुमारास पाय मोजायची एक धातूची पट्टी बाजारात आणली. लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर, तिन्ही एकदम मोजणारी. ती तिकडं अजून वापरात आहे. आमच्या बाजारपेठेतल्या चार दुकानांत मी या आठवड्यात विचारलं. रुंदी मोजायचं साधन एकाकडंही नव्हतं. "अंदाजानं देतो ना साहेब," एक जण म्हणाला. त्याचाही दोष नाही. खोक्यावरच रुंदी छापलेली नसते, तर तो मोजून करणार काय?

आता पळण्याकडं येऊ. आपल्या देशाची ऑलिंपिकची गोष्टच मुळी अनवाणी पायांपासून सुरू होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतात राबणारी पोरं बुटाशिवाय पळताना दोराबजी टाटांनी पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातायत हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढं त्यांच्याच खटपटीतून १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला भारताचा लहानसा संघ गेला. त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. त्या साली मॅरेथॉनचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, म्हणजे नेहमीपेक्षा जरा जास्तच. चौगुले एकोणिसावा आला. शंभर वर्षांपूर्वी, पहिल्याच फटक्यात, जगात एकोणिसावा! आपल्या पाठ्यपुस्तकात हे नाव मला तरी कधी भेटलं नाही.

"मग बूट लागतातच कशाला?" असं म्हणणारे आता पुढं येतील. त्यांचा हुकमी पत्ता म्हणजे इथिओपियाचा अबेबे बिकिला. १० सप्टेंबर १९६०, रोम. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावरून बिकिला अनवाणी पळाला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. जागतिक उच्चांक. गोष्ट खरी आहे, पण लोक ती अर्धीच सांगतात. तो मुळात अनवाणी सराव केलेला गडी होता आणि रोममध्ये मिळालेले नवे बूट त्याच्या पायाला बसेनात. म्हणून त्यानं ते बाजूला ठेवले. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला पायात मोजे आणि बूट घालून पळाला. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला सहा आठवडेही झाले नव्हते. तरी पुन्हा सुवर्ण, पुन्हा जागतिक उच्चांक. म्हणजे बूट वाईट नव्हते आणि अनवाणी पायात जादूही नव्हती. जे लागत होतं ते त्यानं काढलं, जे बसलं ते घातलं. आमच्या गल्लीतल्या पोराला हे करता आलं नाही, कारण त्याच्या बुटाचे हप्ते सुरू झाले होते.

डांबरी रस्त्याचं एक झालं, डोंगराचं निराळं. आपल्याकडं आता किल्ल्यांवर, घाटात पळायच्या शर्यती होतात. तिथं बूट चुकला तर नखावर भागत नाही. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये पुंता रासिका नावाच्या शिखरावर गिर्यारोहकांची एक तुकडी वादळात सापडली. सहा जण मेले. त्या काळी कड्यावर चढायला पातळ तळाचे हलके बूट घालायचे. त्यात ना थंडी थांबायची ना बर्फावर पकड मिळायची. तुकडीतला विताले ब्रामानी वाचला. मित्र गेल्याचा घाव घेऊन तो कामाला लागला आणि १९३७ मध्ये त्यानं खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. पैशाची मदत टायरवाल्या पिरेलींनी केली. तळाला नाव मिळालं 'कारारमातो', म्हणजे रणगाडा. त्याच्या नावातली अक्षरं जोडून कंपनीचं नाव झालं विब्रम. १९५४ मध्ये इटलीच्या तुकडीनं के-टू सर केलं तेव्हा त्यांच्या बुटांना हेच तळ होते. आज डोंगरात पळायच्या कुठल्याही बुटाला खाली ज्या गाठी दिसतात, त्यांचं मूळ या सहा मरणांत आहे. म्हणून पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळाचे रस्त्याचे बूट घालून जाऊ नका. आणि ओल्या कातळावर गाठींपेक्षा रबर मऊ आहे का कडक, याला जास्त महत्त्व आहे, हेही लक्षात ठेवा.

रस्त्यावरच्या बुटाला मऊपणा आला तो सत्तरच्या दशकात. अमेरिकेतल्या ऑरेगॉनचा कोच बिल बॉवरमन न्यूझीलंडमध्ये गेला असताना तिथली म्हातारीकोतारी माणसं सकाळी हळूहळू पळताना बघून आला आणि आपल्या देशात त्यानं जॉगिंगचं वेड पसरवलं. १९७१ मध्ये बायकोच्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून त्यानं चौकटीचौकटीचा तळ केला. साचा वाया गेला, पण नायकेचा धंदा उभा राहिला. पाठोपाठ टाचेखाली जाड फोम आला. आजवर कधी न पळालेली माणसं रस्त्यावर आली, त्यांचे गुडघे दुखू लागले आणि बाजारानं त्यावर उत्तर काढलं: पायाचे प्रकार पाडायचे. ओला पाय फरशीवर ठेवा, ठसा बघा. सपाट पाय असेल तर हा बूट, मधला असेल तर तो, उंच कमान असेल तर तिसरा. दिसायला अगदी शास्त्रीय. पंचवीस-तीस वर्षं दुकानदारांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे हेच सांगत होते.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २००९ मध्ये क्रिस्टोफर मॅकडूगलचं 'बॉर्न टु रन' आलं. मेक्सिकोच्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी आदिवासी साध्या वहाणा घालून मैलोन्‌मैल कसे पळतात, त्याची गोष्ट. त्या वहाणांचा तळ कशाचा, तर जुन्या टायरचा! आपल्या गावच्या आठवडी बाजारात मिळायची तीच टायरची चप्पल. १९९३ मध्ये कोलोरॅडोतली शंभर मैलांची लेडव्हिल शर्यत त्यांच्यातल्या पंचावन्न वर्षांच्या माणसानं जिंकली होती. झालं, शहरातली माणसं बूट फेकून पाच बोटांचे पातळ पायमोज्यासारखे बूट घालून पळू लागली. ते विकणारी कंपनी कोण, तर विब्रमच. पायाचे स्नायू मजबूत होतात, दुखापत कमी होते, असे दावे केले म्हणून अमेरिकेत खटला झाला. २०१४ मध्ये कंपनीनं चूक कबूल न करता साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. रारामुरी लहानपणापासून तसं पळतात. आपण चाळिशीत एका पुस्तकावर पाय बदलायला निघालो तर पाय ऐकत नाही.

मग खरं काय? याचं उत्तर शोधलं लष्करानं, कारण दुखावलेला रंगरूट त्यांना परवडत नाही. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेच्या पायदळात, हवाई दलात आणि मरीनमध्ये हजारो नव्या रंगरुटांवर चाचणी झाली. अर्ध्यांना पायाच्या कमानीप्रमाणे 'योग्य प्रकारचा' बूट दिला, अर्ध्यांना सरसकट एकच. दुखापतींत फरक पडला नाही. ठसा बघून बूट देण्याची ती सगळी विद्या तिथं पार कोसळली.

त्याआधी कॅनडात कॅल्गरीच्या संशोधकांनी २०६ सैनिकांवर साधा प्रयोग केला होता. बुटात घालायच्या सहा प्रकारच्या गाद्या पुढं ठेवल्या आणि सांगितलं, पायाला जी बरी वाटेल ती घ्या. कुणी मऊ घेतली, कुणी कडक. ज्यांनी आपल्या पसंतीची गादी वापरली, त्यांच्यात दुखणी कमी निघाली. त्याच गटातल्या बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये मांडलं की बूट निवडायची सगळ्यात भरवशाची चाळणी म्हणजे आराम. हा शेवटचा शब्द आहे असं कुणी म्हणत नाही. पण चाळीस वर्षांची फिरकी घेऊन शास्त्र परत पायाशी येऊन उभं राहिलं, एवढं नक्की.

आता आपल्या घरची गोष्ट. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय यंत्रानं मोजले. निघालं काय? भारतीयांचा पाय युरोप-अमेरिकेच्या मानानं रुंद. अरुंद बुटात आपण पाय कोंबतो, नाहीतर रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतो आणि मग तो टाचेत सटकतो. यावरून 'भा' नावाची भारतीय मापं सुचवली गेली, २०२४ मध्ये त्याच्या बातम्याही झाल्या. माझ्या तालुक्याच्या बाजारपेठेत मात्र खोक्यावर आजही जवाचाच दाणा आहे. इंग्रज गेले, त्यांचा नंबर राहिला, आणि त्याची किंमत भरती करणारी पोरं नखांनी मोजतायत.

म्हणून जे वाचून आणि चार जाणत्या धावपटूंना विचारून कळलं ते सांगतो. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. पळताना घालता तेच मोजे न्या. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचा नंबर धरा. गादी काढून तिच्यावर उभे राहा, एकही बोट बाहेर येता कामा नये. पुढं अंगठ्याएवढी जागा हवी, टाच मात्र घट्ट. दुकानासमोरच्या रस्त्यावर पन्नास पावलं पळून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा. पहिल्या मिनिटाला लागणारा बूट सैल होण्याची वाट बघू नका. आणि नडगी एकाच जागी दुखत राहिली तर बूट बदलत बसू नका, डॉक्टर गाठा. हाडाला बारीक चीर असू शकते.

त्या पोराचं पुढं काय झालं? दुकानदारानं वापरलेले बूट परत घेतले नाहीत, ते अपेक्षितच होतं. आम्ही दोघं जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. सहा जोड घालून बघितले. सातवा त्याच्या पायात गेला आणि तो काहीच बोलला नाही, नुसता पळत रस्त्याच्या टोकाला जाऊन आला. अठराशे रुपये. कुठल्या रीलमध्ये नसलेला, साधा, रुंद चवड्याचा बूट. नखं यायला अजून वेळ लागेल. भरतीत काय होईल ते मला सांगता येत नाही. बचत गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला जातोय, ज्या बुटाचा जातोय तो माळ्यावर पडलाय.

मागणी साधी आहे. खोक्यावर लांबीसोबत रुंदीही छापा. 'भा'ची मापं कागदावरून दुकानात आणा. तोवर भरतीच्या अकादम्यांनी पोरांकडून फी घेताना एकदा त्यांचे पायही मोजावेत. एक कागद, एक पेन्सिल आणि एक फूटपट्टी लागते.

तुमच्या गावात पाय मोजून बूट देणारं दुकान असेल तर खाली गावाचं नाव लिहा. पोरांना उपयोग होईल.