आखाडा बाळापूर : निवृत्तिवेतन आणि दिव्यांग अनुदानाचा ऑनलाइन कारभार

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले, हिंगोली–नांदेड रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. आसपासच्या खेड्यांतले लोक खरेदी-विक्रीला, बँकेच्या कामाला आणि अलीकडे ‘ऑनलाइन करायला’ इथे येतात. निराधार अनुदानाचा निर्णय कळमनुरीच्या तहसीलमध्ये होतो. जिल्हा कोषागार आणि दिव्यांग तपासणीचे मंडळ हिंगोलीला, तर मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे आदेश काढणारे महालेखापाल कार्यालय नागपूरला आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, त्याआधी जिल्ह्याच्या कामाला परभणी गाठावी लागे. एवढ्या अंतरावरच्या कचेऱ्यांची कामे आता सेवा केंद्रातल्या एका संगणकावरून सुरू होतात. या सोयीचे मोल मोठे आहे. मात्र कागद जुळवण्याचे जे ओझे पूर्वी कचेरीतल्या कारकुनावर होते, ते आता म्हाताऱ्या आणि दिव्यांग माणसांच्या अंगावर आले आहे.

गावात ‘पगार’ म्हटले की तो शिक्षकाचा असेलच असे नाही. ‘निराधारचा पगार’, ‘श्रावणबाळचा पगार’ हे शब्द रोजच्या बोलण्यातले. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण, अनाथ आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेली माणसे तिच्यात येतात. वयाची पासष्टी ओलांडलेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दरमहा मिळणारी रक्कम ६०० रुपयांवरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपयांवर गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० रुपये केली. उत्पन्नाची अट मात्र तिथल्या तिथेच आहे : कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. एकवीस हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. सोयाबीन काढणीच्या मजुरीवर जगणाऱ्या घरालाही ही मर्यादा प्रामाणिकपणे पाळणे अवघड आहे आणि ती बदलायलाच हवी. केंद्राचा वाटा तर त्याहून अपुरा. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत ऐंशीच्या आतल्या माणसाला केंद्राकडून २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील, ८० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना ३०० रुपये मिळतात. उरलेली भर राज्य घालते.

अर्ज सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून भरला जातो. त्याला आधार, रहिवासी पुरावा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि गरजेप्रमाणे पतीचा मृत्यूदाखला किंवा दिव्यांग प्रमाणपत्र जोडतात. मंजुरी तालुक्याच्या समितीत होते. म्हणजे अर्ज ऑनलाइन असला तरी निर्णय माणसेच घेतात. पोर्टलवर अर्ज ‘सादर’ दिसला म्हणजे काम झाले, असा समज करून घेऊ नये. अर्जाची पोच छापून ठेवावी आणि समितीच्या बैठकीनंतर मंजुरीच्या यादीत नाव पाहावे.

खरी गुंतागुंत मंजुरीनंतर सुरू होते. पूर्वी तहसीलमधून बँकेकडे यादी जाई आणि बँक खात्यात पैसे टाकी. २०२४ च्या अखेरीपासून अनुदान थेट हस्तांतरणाच्या पोर्टलवरून जाऊ लागले. या पद्धतीत अर्जावर लिहिलेल्या खाते क्रमांकापेक्षा आधार कोणत्या खात्याला जोडलेले आहे हे महत्त्वाचे ठरते. आधार ज्या खात्याला सर्वांत शेवटी जोडले असेल, तिथे पैसे पडतात. एखाद्या आजीने कधी काळी दुसऱ्या योजनेसाठी टपाल बँकेत खाते काढलेले असते. पासबुक मात्र जुन्या बँकेचे असते आणि तिथे तीन महिने नोंद नसते. घरच्यांना वाटते अनुदान बंद झाले. प्रत्यक्षात ते दुसऱ्या खात्यात साचत असते. अशा वेळी तहसीलकडे धावण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे, फक्त आधारला जोडलेला मोबाईल हाताशी हवा. आणि तो मोबाईल बहुधा पुण्याला कामाला गेलेल्या मुलाजवळ असतो. म्हणून अर्जदाराचा स्वतःचा, घरात राहणारा नंबर आधारला जोडून घेणे हे पहिले काम समजावे. बाकी सगळे त्यानंतर.

नाव आणि जन्मतारीख हा दुसरा अडसर. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख सर्रास आढळते, कारण नोंदणीच्या वेळी वय अंदाजाने सांगितले गेले. बँकेत ‘बाई’ लावलेले नाव, आधारवर नुसते नाव आणि शिधापत्रिकेवर तिसरेच. तहसीलमधल्या कारकुनाला तीच बाई आहे हे चेहऱ्यावरून कळे. पोर्टलला अक्षरे जुळावी लागतात. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईने चुकीची दुरुस्ती करून बसू नये. शाळेचा दाखला किंवा अन्य भक्कम कागद हाती आल्यावरच केंद्रात जावे.

तिसरी अडचण हातांची. हळद काढून, शिजवून, वाळवून झिजलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. ग्राहक सेवा केंद्रात बाई अंगठा पदराला पुसते, यंत्रावर दाबते, लाल दिवा लागतो. केंद्रचालक तर्जनी लावायला सांगतो, मग दुसरा हात, मग ‘उद्या सकाळी या’. अंगठ्यावर पैसे काढण्याची व्यवस्था ज्यांच्यासाठी उभी राहिली, त्या कष्टकऱ्यांनाच ती सर्वांत आधी नाकारते. यावर उपाय आहेत : आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने देणे, डोळ्यांच्या बुबुळाची किंवा चेहऱ्याची ओळख वापरणे आणि यातले काहीच जमले नाही तर पासबुक घेऊन बँकेच्या खिडकीवरून पैसे काढणे. बँकेने ते नाकारता कामा नये.

दिव्यांगांसाठी आधी प्रमाणपत्र, मग अनुदान असा क्रम आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले आणि हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सिकलसेल, थॅलेसेमिया, आम्लहल्ल्याने आलेले अपंगत्व, पार्किन्सन्स यांचा समावेश त्यात झाला. ही माहिती गावापर्यंत फार थोडी पोचली आहे. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून फोटो आणि आधार जोडायचा, रुग्णालय निवडायचे, ठरल्या दिवशी तपासणीला जायचे आणि मंडळाने टक्केवारी ठरवली की वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच बोलीतले ‘यूडीआयडी कार्ड’, मिळते. त्यावर १८ आकडी क्रमांक असतो. ऑक्टोबर २०२४ मधल्या नियमदुरुस्तीनंतर ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ७९ पर्यंत पिवळे आणि ८० पासून निळे कार्ड दिले जाते. केंद्राच्या योजनांसाठी १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक आवश्यक झाला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापला. पण नोंदणी बाळापुरात होत असली तरी तपासणी देहानेच द्यावी लागते. खाटेवरून न उठणाऱ्या माणसाला हिंगोलीपर्यंत नेण्याचे वाहनभाडे कुठल्याच पोर्टलवर भरून मिळत नाही. तपासणी मंडळे गावोगावी शिबिरांतून आली पाहिजेत आणि तीही ठरलेल्या वेळापत्रकाने.

निवृत्त कर्मचाऱ्यांची वाट त्यामानाने सोपी. राज्य शासनाच्या निवृत्तांना कोषागाराच्या ‘निवृत्तिवेतनवाहिनी’ या संकेतस्थळावर महिन्याचा तपशील पाहता येतो. वर्षातले मुख्य काम हयातीच्या दाखल्याचे. त्यासाठी नोव्हेंबरात बँकेतल्या यादीवर सही करण्याची रीत आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ सेवेने घरबसल्या दाखला देता येऊ लागला आणि २०२१ पासून अंगठ्याऐवजी चेहराही चालतो. मोबाईलवर आधारचे चेहरा-ओळख अ‍ॅप आणि जीवन प्रमाणचे अ‍ॅप अशी दोन्ही घ्यावी लागतात. मग आधार क्रमांक, निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक, खाते क्रमांक आणि वेतन देणारी यंत्रणा भरायची. यंत्रणा निवडण्यातच बहुतेक चुका होतात : राज्याचा निवृत्त केंद्राची यंत्रणा निवडतो आणि दाखला भलतीकडे जातो. ऐंशीपुढच्या केंद्रीय निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. पोस्टमनही ठरावीक शुल्क घेऊन घरी येऊन हे काम करतो.

साखर कारखाना, सूतगिरणी किंवा एसटीत नोकरी केलेल्यांचे निवृत्तिवेतन वेगळे. ते भविष्यनिर्वाह निधीच्या १६ नोव्हेंबर १९९५ च्या योजनेतून येते. त्याचे किमान मासिक वेतन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवरच आहे. या निवृत्तांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यावा असे बंधन नाही. ज्या दिवशी दिला तिथून वर्षभर तो चालतो. जानेवारी २०२५ पासून केंद्रीय वितरण पद्धती आल्याने देशातल्या कोणत्याही बँक शाखेतून हे वेतन घेता येते. मुलाकडे पुण्या-मुंबईला राहायला गेलेल्या वृद्धांची यामुळे मोठी सोय झाली.

फसवणूक या साऱ्याच्या मागे सावलीसारखी आहे. ‘पेन्शन बंद होणार आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. कोषागार, बँक किंवा तहसील फोनवर ओटीपी मागत नाही. सेवा केंद्रातही ओटीपी स्वतः वाचून, पडद्यावर काय चालले आहे ते विचारून मगच द्यावा. शासनाने ठरवलेले शुल्क द्यावे आणि पावती घ्यावी. पैसे काढल्यावर छापील पावतीवरची रक्कम आणि हातातली रक्कम तिथेच, केंद्र सोडण्याआधी, कुणा जाणत्याकडून ताडून घ्यावी. ज्येष्ठांना निवृत्तिवेतनाबाबत मार्गदर्शन हवे असल्यास १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत विनामूल्य उपलब्ध आहे.