वीर्याच्या अहवालापलीकडे

डेन्मार्कचे नील्स स्काकेबेक मूल न होणाऱ्या पुरुषांच्या वृषणांचे नमुने तपासत होते. त्यातल्या दोघांत त्यांना विचित्र पेशी दिसल्या. पुढे दोघांनाही वृषणाचा कर्करोग झाला. १९७२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. वंध्यत्वाची तपासणी कर्करोगाची आगाऊ खबर देऊ शकत होती!

बॉस्टनच्या हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये वर्णिलेल्या, वंध्यत्व आणणाऱ्या विकाराचं मूळ, जादा एक्स गुणसूत्र, एडिंबरात १९५९ साली सापडलं. अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉनची कमतरता, ठिसूळ हाडं, मधुमेह यांसाठी आयुष्यभर देखरेख लागते.

१९९२ मध्ये ब्रुसेल्सहून ‘इक्सी’ तंत्र जाहीर झालं. एकच शुक्राणू बीजांडात टोचला की काम भागू लागलं. बाळ घरी आलं, की बापाची फाइल मात्र बहुधा बंदच.