आयनांबरातील रेडिओ-तरंगजन्य संक्षोभ

आयनांबरातील रेडिओ-तरंगजन्य संक्षोभ : वातावरणाच्या सु. ६० किमी.पासून वरच्या ज्या भागात सौर प्रारणामुळे मुक्त इलेक्ट्रॉन व आयन निर्माण होतात, त्याला आयनांबर म्हणतात. निसर्गतः आढळणाऱ्या आयनद्रायूचे (प्लाझ्माचे) हे पृथ्वीला सर्वांत जवळचे उदाहरण होय. जमिनीवरून सोडलेल्या शक्तिमान रेडिओ तरंगांमुळे या आयनद्रायूत अनियमित व तीव्र दोलने उत्पन्न होतात. या आविष्काराच्या संशोधनाचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे.

मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश ग्रहण केल्यावर, उच्च वातावरणात विद्युत् संवाहक थर असावा, अशी कल्पना केनेली व हेव्हिसाइड यांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. या थराचा प्रत्यक्ष पुरावा ॲपलटन व बार्नेट यांनी १९२४ मधील प्रयोगांनी मिळविला. पुढे काही वर्षे आयनांबराकडे केवळ एक आरसा म्हणून पाहिले जाई. तरंग परावर्तित होतो, पण त्यामुळे आरशात काहीही बदल होत नाही, असे गृहीत धरलेले होते.

या गृहीतकाला पहिला धक्का १९३३ मध्ये बसला. नेदर्लंड्समध्ये टेलेगेन यांना स्वित्झर्लंडमधील बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकत असताना पार्श्वभूमीवर लक्झेंबर्ग केंद्राचा कार्यक्रम ऐकू आला. दोन्ही केंद्रांच्या कंप्रता अगदी भिन्न होत्या. त्यामुळे हा दोष ग्राहीचा नव्हता. बेली व मार्टिन यांनी १९३४ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले. लक्झेंबर्गचा प्रबळ तरंग आयनांबरातील इलेक्ट्रॉनांना तापवतो. त्यांच्या टकरींचे प्रमाण बदलते व त्याबरोबर त्याच भागातून जाणाऱ्या दुसऱ्या तरंगाचे शोषणही बदलते. हे बदल पहिल्या कार्यक्रमातील ध्वनीनुसार होत असल्याने तो कार्यक्रम दुसऱ्या तरंगावर उमटतो. ‘लक्झेंबर्ग परिणाम’ या नावाने ही घटना प्रसिद्ध आहे.

सु. २०० ते ३०० किमी. उंचीवरील एफ थरातील इलेक्ट्रॉनही असे तापवता येतील, असे फार्ली यांनी १९६३ मध्ये गणिताने दाखविले. त्यानंतर अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात प्लॅटव्हिल येथे १ मेगॅवॉटहून अधिक शक्तीचा प्रेषक उभारून १९७० मध्ये प्रयोग सुरू झाले. तपमानात सौम्य वाढ होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मात्र बरेच काही अनपेक्षित आढळले. आयनांबरमापकाच्या आलेखावरील प्रतिध्वनी पसरट झाले, विस्तृत कंप्रता-पट्ट्यात शोषण वाढले आणि भूचुंबकीय बलरेषांना समांतर असे आयनद्रायूचे सूक्ष्म धागे निर्माण होऊन त्यांपासून अतिउच्च कंप्रतेच्या तरंगांचे प्रकीर्णन होऊ लागले. आकाशातील अंधुक तांबड्या दीप्तीतही बदल नोंदले गेले. केवळ तापण्याने या सर्व गोष्टींची उपपत्ती लागत नव्हती.

तिचा उलगडा होण्यास प्वेर्त रीकोतील आरेसीबो येथील निरीक्षणांचे मोठे साहाय्य झाले. तेथील ३०५ मी. व्यासाच्या परावर्तकावरील ४३० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या रडारने गॉर्डन, कार्लसन व शोएन यांना १९७०–७२ या काळात आयनद्रायूतील दोलने स्वाभाविक पातळीच्या कितीतरी पट वाढलेली दिसली. आयनद्रायूला स्वतःची नैसर्गिक कंप्रता असते व ती इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर अवलंबून असते; दर घ. सेंमी.मध्ये सु. ३ लक्ष इलेक्ट्रॉन असल्यास ती सु. ५ मेगॅहर्ट्‌झ येते. तरंगाची कंप्रता या कंप्रतेइतकी होते तेथून तो परावर्तित होतो. त्या उंचीच्या आसपास तरंगाची तीव्रता विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली, तर त्याचे विघटन होऊन इलेक्ट्रॉनांचे लँगम्यूर तरंग व आयनांचे ध्वनितरंग निर्माण होतात. यास प्राचलिक अस्थैर्य म्हणतात. निर्माण झालेला लँगम्यूर तरंगही पुन्हा असाच विघटित होतो आणि ऊर्जा पायरीपायरीने खाली उतरत जाते.

ही पायऱ्यांची उपपत्ती सर्व निरीक्षणांना पुरेशी आहे का, याविषयी मतभेद होते. झाखारोव्ह यांनी १९७२ मध्ये दाखविले की, तीव्र लँगम्यूर तरंग आयनद्रायूला बाजूला सारून लहान पोकळ्या निर्माण करतात, त्यांतच अडकतात आणि अखेर कोसळतात. हा विचार दुबॉय, रोझ व रसेल यांनी १९८० नंतरच्या दशकात आयनांबराला लागू केला. पुढे आरेसीबो येथील सूक्ष्म कालविभेदनाच्या मापनांवरून असे दिसले की, परावर्तन-उंचीजवळ पोकळ्यांचा प्रबळ संक्षोभ व त्याखाली पायऱ्यांचा दुर्बल संक्षोभ असे दोन्ही प्रकार संभवतात. अशा रीतीने दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी खरे ठरले.

नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे १९८१ मध्ये थिदे, कॉप्का व श्टुब यांना प्रेषित कंप्रतेच्या दोन्ही बाजूंना आयनांबरातूनच परत येणारे क्षीण उत्सर्जन आढळले. त्यामुळे रडारशिवायही संक्षोभाचा अभ्यास करता येऊ लागला. अलास्कातील गाकोना येथील ‘हार्प’ हे १८० आकाशकांचे व ३·६ मेगॅवॉट शक्तीचे केंद्र २००७ मध्ये पूर्ण झाले. संक्षोभाने प्रवेगित झालेले इलेक्ट्रॉन नवे आयनीकरण करून कृत्रिम थर निर्माण करतात, हे तेथील प्रयोगांतून दिसून आले. हे केंद्र २०१५ मध्ये अलास्का विद्यापीठाकडे सुपूर्त करण्यात आले.

अशा केंद्रांमुळे हवामान बदलते, हा समज निराधार आहे. या कंप्रतांचे तरंग ढग व पर्जन्य ज्या खालच्या थरांत घडतात तेथे जवळजवळ शोषलेच जात नाहीत. आयनांबरातील परिणामही प्रेषक बंद केल्यावर काही सेकंदांत वा मिनिटांत विरतात. उलट, भिंती नसलेल्या या विस्तीर्ण प्रयोगशाळेत लँगम्यूर संक्षोभाचे जे ज्ञान मिळाले, ते लेसरच्या साहाय्याने करावयाच्या अणुकेंद्रीय संघटनाच्या अभ्यासातही उपयोगी पडते. कारण तेथेही प्रबळ तरंगाचे असेच विघटन होते. आरेसीबोचा परावर्तक डिसेंबर २०२० मध्ये कोसळल्याने या संशोधनाचे एक प्रमुख साधन नाहीसे झाले.