स्कूटरवरचा लांबचा प्रवास आणि वाटेतले बिघाड

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव असल्याने स्कूटरस्वाराच्या वाट्याला जुना महामार्ग आणि खोपोलीचा घाट येतो. पुण्याहून कोकणात उतरायचे तर ताम्हिणी किंवा वरंध. शहरात वर्षानुवर्षे विनातक्रार धावणारी स्कूटर नेमकी अशाच ठिकाणी दगा देते, आणि त्यात दैवापेक्षा तिच्या रचनेचा भाग अधिक असतो.

मोटारसायकलचे इंजिन समोरच्या वाऱ्यावर थंड होते. स्कूटरचे इंजिन मात्र मागच्या चाकालगत, पत्र्याच्या आवरणाखाली झाकलेले. त्याला थंड ठेवण्याचे काम फ्लायव्हीलवरचा पंखा करतो. पंख्याच्या जाळीत चिखल बसला किंवा सिलिंडरवरच्या पात्या तेलकट मातीने बुजल्या, तर शहरातल्या चार-पाच किलोमीटरमध्ये काही जाणवत नाही. दोन माणसे आणि सामान घेऊन अर्धा तास चढ चढताना जाणवते.

१९७२ मध्ये आलेली बजाज चेतक आणि त्या पिढीच्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या बाबतीत हे दुखणे जिवावर बेतणारे ठरू शकते. या इंजिनांत वंगण पेट्रोलमधूनच पोचते. लिटरमागे साधारण २० मिलिलिटर ऑइल हे त्या काळचे परिचित प्रमाण. ऑइल कमी पडले किंवा उष्णता वाढली की पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो. यालाच इंजिन ‘सीज’ होणे म्हणतात. आधी गाडीची ताकद ओसरते, आवाज कोरडा होतो आणि मग मागचे चाक एकाएकी जखडते. वेगात असताना असे झाले तर स्कूटर घसरते. अशा वेळी तत्क्षणी क्लच दाबून चाक मोकळे करणे आणि गाडी कडेला घेणे एवढेच हाती उरते. लगेच किक मारण्याचा मोह टाळावा. इंजिन पुरते निवल्यावर किक हाताने हळू दाबून पाहावी; ती फिरली तर बेताच्या वेगाने पुढचे गाव गाठता येते.

उतारावरचा धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तर इंजिन वेगाने फिरत राहते, पण पेट्रोल आणि त्यासोबतचे ऑइल जेमतेम पोचते. म्हणून जाणकार उतारावर अधूनमधून क्षणभर अ‍ॅक्सिलरेटर उघडत. पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची सवय याहून वाईट. सारा भार ब्रेकवर पडतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो.

प्लगची कुरबुर त्यामानाने किरकोळ. टू-स्ट्रोकच्या ऑइलची काजळी प्लगच्या टोकांमध्ये साचते, ठिणगी पडत नाही आणि गाडी मिसिंग करते. प्लग पाना, पॉलिश पेपर आणि एक जादा प्लग एवढ्यावर भागते. स्कूटर आडवी तिरकी करून किक मारण्याचा विधी मात्र एका अख्ख्या पिढीने प्लग न बघताच पार पाडला आहे!

वायर तुटणे हा दुसरा हमखास प्रकार. अ‍ॅक्सिलरेटरची वायर तुटली तर कार्ब्युरेटरचा आयडलिंग स्क्रू आवळून, इंजिनाचा वेग थोडा चढवून, रांगत का होईना पुढे जाता येते. क्लचच्या वायरीला असा सोपा पर्याय नाही. जादा वायर डिकीत असलेली बरी.

पंक्चर झाल्यावर मागे लावलेली स्टेपनी हा या स्कूटरचा मोठा आधार. चाक बदलताना एक पथ्य पाळावे लागते. रिम दोन भागांची असते. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे वेगळे. हवा भरलेली असताना चुकून दुसरे नट सोडले तर रिम उसळून गंभीर इजा होऊ शकते. ट्यूब काढण्यासाठी रिम उघडायची असेल तर आधी हवा पूर्ण सोडलीच पाहिजे.

१९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने हाताने गिअर बदलण्याची आणि क्लचची कटकट संपवली. २००१ मधील अ‍ॅक्टिव्हानंतर फोर-स्ट्रोक, गिअरविरहित स्कूटर घरोघरी पोचली. बजाजने २००९ मध्ये स्कूटरनिर्मिती थांबविण्याचे जाहीर केले; चेतक हे नाव २०२० मध्ये परतले ते विजेवरच्या स्कूटरला.

पेट्रोलवरच्या गिअरविरहित स्कूटरमध्ये वाटेत सीज होण्याचे भय कमी झाले, पण नवी अडचण आली ती बेल्टची. बेल्ट तुटला की इंजिन चालू राहते आणि गाडी जागची हलत नाही. रस्त्याकडेच्या मेकॅनिककडे त्या मापाचा बेल्ट असेलच असे नाही. मग टेम्पो शोधावा लागतो. निघताना हिसका बसणे, अ‍ॅक्सिलरेटर पिळूनही वेग न चढणे ही आगाऊ लक्षणे होत. साचलेल्या पाण्यातून गाडी घातल्यास बेल्टच्या कप्प्यात पाणी शिरून तो घसरू लागतो, हेही कोकणात जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

या गाड्यांना बहुधा स्टेपनी नसते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर तो उपटू नये; हवा हळूहळू जाते, तेवढ्या अवधीत दुकान गाठता येते. टायरची बाजू फाटली असेल तर मात्र पंक्चरच्या पट्टीचा उपयोग होत नाही, टायरच बदलावा लागतो.